एका कौलात दोन प्रश्न

"बाई, तुमचं काय म्हणणं पडतं?"

एक हात दाराच्या चौकटीला, दुसऱ्या हातात चष्मा, आणि हा प्रश्न. आमच्या शाळेच्या क्लार्क वहिनी स्टाफरूममध्ये अशाच उगवायच्या. चष्मा हातात असला की समजावं, सल्ला हवा आहे. डोळ्यांवर असला की समजावं, आपल्या बिलात काहीतरी घोळ सापडला आहे. छत्री घ्यावी की रेनकोट, सुकट महाडच्या बाजारातून आणावी की पोलादपूरच्या, टेबल खिडकीकडे सरकवावं की भिंतीकडे, कशावरही त्यांना सगळ्यांचं म्हणणं हवं असायचं.

आणि ऐकायच्या मात्र कोणाचंच नाही. शिपायापासून हेडसरांपर्यंत सगळ्यांना विचारून झालं, सगळ्यांपुढे मान डोलवून झाली, की मनात आधीपासून होतं तेच करायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "वहिनी, करायचं तुमचंच असतं, मग आमची डोकी कशाला खाता?"

"नाय वो बाई. माझंच बरोबर हाय हे कळायला चार लोकांचं ऐकावं लागतं."

मी गणित शिकवते. या उत्तराचा ताळा मला आजवर लागलेला नाही. तुम्हीही जिथे काम करत असाल तिथे अशी एक व्यक्ती असणार. तिचा वैताग येतो, आणि ती रजेवर असली की दिवस जात नाही.

त्यांचे यजमान मुंबईला, भांडुपच्या एका कंपनीत. गावी यायचे ते शिमग्याला आणि गणपतीला. वहिनी सासूबरोबर वाडीत राहायच्या. आंबेनळीच्या रस्त्याला फाट्यावर मिनीडोर रिक्षातून उतरायचं आणि पुढे चढण चढून जायचं, अशी त्यांची वाडी. तिथली सगळी पोरं आमच्या शाळेत. ती 'वैनी' म्हणायची, म्हणून सगळी शाळाच वहिनी म्हणायला लागली. हेडसरसुद्धा.

खुर्चीवर बसून बसून त्यांची कंबर धरली आणि डॉक्टरांनी त्यांना योगवर्गाला पाठवलं. देवळामागच्या हॉलमध्ये एक निवृत्त नर्स सकाळी बायकांचा वर्ग घ्यायच्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. गुडघ्यांच्या तक्रारीमुळे मी तिथे आधीपासूनच होते. पाय पसरून पुढे वाकायचं म्हटलं की माझी बोटं गुडघ्यांपर्यंत पोचायची आणि तिथेच मुक्काम ठोकायची. वहिनींचं कपाळ मात्र महिन्याभरात गुडघ्यांना टेकलं. काकू म्हणाल्या, "भातलावणी केलेली पाठ आहे ती. तुझी खुर्चीवर वाढलेली." मी त्या दिवशी काकूंशी बोलले नाही.

काकू गावाला गेल्या की वर्ग वहिनी घ्यायच्या. हळूहळू तसं ठरूनच गेलं. ऑफिसातला त्यांचा आवाज किरकिरा. पण "श्वास घ्या, खांदे सैल" म्हणायच्या तो आवाज दुसऱ्याच बाईचा वाटायचा. त्यांना शिक्षिका व्हायचं होतं. डी.एड.ला नंबर लागला होता, पण त्याच वर्षी लग्न ठरलं. "तुमची पगारपत्रकं करण्यात जन्म गेला, फळ्याला हात नाय लागला," असं त्या हसत म्हणायच्या. पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, ते कळत होतं.

एक गोष्ट तेवढी विचित्र होती. त्या वर्ग घ्यायच्या तेव्हा शवासन व्हायचंच नाही. प्राणायाम झाला की "चला, उशीर झाला" म्हणून उठायच्या. काकूंच्या वर्गात आम्ही सगळ्या डोळे मिटून पडलो की वहिनी छताकडे टक लावून पडायच्या, आणि मिनिटभरात उठून चटया गुंडाळायला लागायच्या. हे मला माहीत आहे, कारण मीही एक डोळा उघडून किती वेळ राहिला ते बघत असे.

"अगं, पड की जरा स्वस्थ," काकू म्हणायच्या.

"झोप लागली तर शाळा बुडंल, काकू."

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर काकूंनी पुण्याला मुलीकडे कायमचं जायचं ठरवलं. जायच्या आधी त्यांनी वहिनींना समोर बसवलं. महाडला योगशिक्षकाचा कोर्स सुरू होत होता. शनिवार-रविवार जायचं, दिवाळीनंतर परीक्षा. "तू कर. नाहीतर हा वर्ग बंद पडला समज. सगळं येतं तुला. परीक्षेला एक पूर्ण वर्ग घेऊन दाखवायचा, पहिल्या प्रार्थनेपासून शेवटच्या शवासनापर्यंत."

वहिनींचा चेहरा आधी उजळला. योगशिक्षिका, म्हणजे शेवटी बाईच की. आणि मग तो चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, शनिवार-रविवारचा घरचा प्रश्न असेल.

पुढचे काही दिवस चष्मा सतत हातातच. शिपायाला विचारून झालं, हेडसरांना झालं, एसटीच्या कंडक्टरलाही झालं. यजमान फोनवर म्हणाले, "कर ना. टेन्शन कशाला घेतेस? आईचं मी बोलतो." सासूबाई तर म्हणाल्या, "जा गो, माझी काळजी नको." सगळे होच म्हणत होते. आणि तरी वहिनी दाराशी येतच होत्या. या वेळी त्यांच्या मनात आधीपासून ठरलेलं काहीच नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

शेवटी एका रविवारी त्या म्हणाल्या, "बाई, माझ्यासंगती वाडीवर याल? देवीला कौल लावते."

वाडीत काही मोठं ठरवायचं असलं की गावदेवीला कौल लावायची रीत आहे. लग्न असो, घराचा पाया असो, नाहीतर मुंबईची नोकरी सोडणं असो. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. माझा विश्वास नाही. पण दोनच उत्तरं असलेली कुठलीही पद्धत मला आवडते, म्हणून गेले.

वाडीत मी पहिल्यांदाच जात होते. वाटेत एका वळणावर वहिनींनी चाल वाढवली आणि मान खाली घातली. मी मात्र बघितलं. वरपासून खालपर्यंत डोंगराचा एक पट्टा सोलून काढल्यासारखा होता. वर गवत आलं होतं, पण बाकीच्या डोंगरासारखं नाही, विरळ आणि पिवळं. खाली दगडांच्या ढिगाऱ्यात एक जोत्याचा कोपरा दिसत होता. काही वर्षांपूर्वी इथे दरड आली होती, खालची आळी गेली होती, हे मला ठाऊक होतं. ऐकून माहीत असणं वेगळं. मीही मान खाली घातली.

देवळात गुरवांनी देवीपुढे गाऱ्हाणं घातलं. म्हातारा गृहस्थ, खांद्यावर पंचा. पाकळ्या चिकटवल्या. वहिनी हात जोडून ओठ हलवत होत्या. आम्ही बसलो. पाकळ्या हलेनात. गुरवांनी पुन्हा पाणी लावून पुन्हा चिकटवल्या. पुन्हा बसलो. बाहेर सर येऊन गेली, एक कोंबडी उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेली, पाकळ्या तिथेच. मी मनात म्हटलं, वहिनींनी विचारलंय म्हटल्यावर देवीसुद्धा चार लोकांचं म्हणणं घेत असेल.

गुरव वळले. "सूनबाय, काय इचारलंस?"

"कोर्साचं."

"आनि?"

वहिनी पाकळ्यांकडे बघत राहिल्या.

"आनि दुसरा काय इचारलंस? एका कौलात दोन घालतात काय गो? देवी कंच्याचा जबाब देल? आधी एक सोड, मग ये."

उतरताना मी म्हटलं, "हात्तिच्या! एवढंच ना? परत जा आणि एकच विचारा. दुसरं काय विचारलं होतंत?"

"यंदा डोंगर राहील का, ते."

मी थांबले. त्याही थांबल्या.

"कुठला सोडू, बाई?" त्यांनी विचारलं.

मग वाटेवरच्या एका दगडावर बसून त्यांनी सांगितलं. एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

"जाऊबाय खालच्या आळीला राहायच्या. त्या दिवशी सांजच्याला वर आल्या माझ्याकडं. म्हणाल्या, गो, जमिनीत घुमल्यावानी येतंय, चुलीपाशी बसवत नाय. मी भाकऱ्या टाकत होते. म्हटलं, काय नाय वो, वारा हाय. जावा, पडा. डोळे मिटा, लागंल झोप. त्या माझं ऐकायच्या. शिकलेली ना मी." त्यांनी चष्मा पदराला पुसला. "गेल्या आनि पडल्या."

मी त्यांचा हात धरला.

"काकू शेवटाला काय म्हणतात? पडा. डोळे मिटा. काही होणार नाही. ह्येच शब्द, बाई. परीक्षेत मला हे बोलायचं हाय. मग रोज बोलायचं हाय, तुम्हा सगळ्यांना. डोंगराची भीती वाटते ती हायच. पण ह्या शब्दांची जास्त वाटते. तोंडातनं निघाले आनि पुन्हा काय झालं तर?"

"अहो, ते वेगळं, हे वेगळं. हॉल गावात आहे, सपाटीला आहे."

"जमीन तीच हाय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या वर्गात शवासनाला पडले आणि मला डोळे मिटवेनात. पाठीखाली फरशी होती, फरशीखाली काय आहे याचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. आता तो डोक्यातून जाईना. मी घाबरले होते. हे मी कोणालाही बोलले नाही, वहिनींनाही नाही.

प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हाच पावसाने ठाण मांडलं. आंबेनळी घाट बंद झाला. महाडला सावित्री नदी वाढत असल्याचे फोन यायला लागले. वाडीच्या वर जमिनीला भेग दिसली म्हणून तलाठ्यांनी सगळ्यांना खाली आणायचं ठरवलं आणि आणलं ते आमच्या शाळेत. निवडणूक, जनगणना आणि दरड, तिन्ही कामं शेवटी मास्तरांच्याच गळ्यात पडतात. माझी ड्यूटी लागली.

वहिनी वाडीच्या लोकांबरोबर भिजत आल्या. एका हाताला सासूबाई, डोक्यावर बोचकं. स्वतःच्या कमरेच्या किल्लीने त्यांनी आठवीचा वर्ग उघडला, सगळ्यांची नावं लिहून घेतली, आणि मग आपलं नाव शेवटी लिहून त्याच वर्गात जाऊन बसल्या.

रात्रभर कोणी आडवं झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर सगळे भिंतीला पाठ लावून तसेच बसलेले. डोळे लाल. गुरव देवीचा मुखवटा फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. वीज कडाडली की पोरं आयांना घट्ट धरायची, आणि आयांकडे धरायला भिंतीशिवाय काही नव्हतं. सकाळी एका म्हातारीला चक्कर आली होती. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर सांगून गेले होते, यांना झोपवा, नाहीतर आणखी माणसं पडतील.

मी माझा वर्गातला आवाज लावला. "चला, सगळ्यांनी आडवं व्हा बरं. डोळे मिटा. काही होणार नाही."

कोणी हललं नाही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलून गेले ते तेव्हा मला कळलं.

मग त्या उठल्या. दारात गेल्या आणि सगळ्यांकडे तोंड करून उंबऱ्यापाशी मांडी घालून बसल्या.

"पडा," त्या म्हणाल्या. जरा थांबल्या. "डोळे मिटू नका. उघडेच राहू देत. काय होनार नाय असं मी म्हणत नाय. मला काय म्हाईत? पन मी हितं बसलेय. झोपनार नाय. जरा जरी काय आलं कानावर, तर उठवीन. नुसती पाठ टेका."

आधी त्यांच्या सासूबाईंनी पाठ टेकली. मग त्या चक्कर आलेल्या म्हातारीने. मग एकेक जण. वहिनी हॉलमधल्या त्या दुसऱ्या आवाजात बोलत राहिल्या, पाय सोडा, कंबर सोडा, खांदे सोडा, मी हाय, मी बसलेय. डोळे आपोआप मिटत गेले. गुरव मुखवटा छातीवर धरूनच झोपले. आठवीच्या वर्गात सगळी वाडी झोपली होती आणि वहिनींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही, कोणी जागं होईल म्हणून.

बऱ्याच वेळाने मी जवळ जाऊन म्हटलं, "आता तुम्ही पडा. मी बसते."

त्यांनी मला निरखून पाहिलं. "बसाल? पेपर तपासत नाय ना?"

"नाही."

"आवाज आला तर उठवाल? काय नाय म्हणून सोडनार नाय?"

"उठवीन."

त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला, उंबऱ्यालगत आडव्या झाल्या आणि डोळे मिटले.

त्यानंतर मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरलेली नाही. व्हरांड्याच्या पत्र्यावरचा पाऊस, पन्हळीचं पाणी, कोणाचं घोरणं, कुत्र्याचं अंग झाडणं, सगळं एकाच वेळी ऐकू यायला लागलं. यातलं कुठलं साधं आणि कुठलं नाही, ते ठरवणार कसं? एवढी माणसं माझ्या कानांच्या भरवशावर पडली होती. मला वाटलं, हेडसरांना हाक मारावी आणि म्हणावं, मला हे जमणार नाही.

आणि एकदम घुमलं. लांबून, जड, थांबून थांबून.

गणिताचं डोकं म्हणालं, शाळा सपाटीला आहे, डोंगर लांब आहे, ही बाई कालपासून झोपलेली नाही, झोपू दे. 'काही नाही' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. भाकऱ्या टाकता टाकता ते किती सहज निघाले असतील, ते मला त्या क्षणी समजलं.

मी वहिनींना गदागदा हलवलं. "उठा. आवाज आला."

त्या ताडकन उठल्या. दोन्ही तळवे फरशीला लावून श्वास रोखून ऐकलं. पुन्हा घुमलं. त्यांनी हळूच वर छताकडे पाहिलं.

"बाकं हायत, बाई. वरच्या वर्गात बाकं सरकवतायत. अजून मानसं येनार असतील."

मला रडूच आलं. "उगीच उठवलं तुम्हाला. नुकता कुठे डोळा लागला होता."

"उगीच नाय," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "उठवलंत ना."

आणि पुन्हा आडव्या झाल्या. मी पाय बदलून बसेपर्यंत त्यांना गाढ झोप लागली होती. संध्याकाळी पोरांनी गोंधळ घातला तरी त्या उठल्या नाहीत.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्या पहिल्या सुटलेल्या एसटीने महाडला गेल्या आणि नाव घालून आल्या. कोणालाही विचारलं नाही. देवीलाही नाही. परीक्षेत शवासनाला त्यांनी सांगितलं, डोळे मिटले नाहीत तरी चालेल, मी बसलेय. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं म्हणे. पण पास केलं.

काही वर्षं त्यांनी आमचा वर्ग घेतला. मग वाडीला महाडच्या बाजूला सपाटीवर घरं मिळाली, सगळी वाडी तिकडे गेली, आणि वहिनींनी त्या बाजूच्या शाळेत बदली करून घेतली. तिथे त्यांचा सकाळचा वर्ग आहे, बायका लांबून येतात असं ऐकते. आमच्या ऑफिसात आता एक तरुण क्लार्क आहे. हुशार आहे. कोणाला काही विचारत नाही.

आमचा वर्ग आम्हीच चालवतो. जमेल तसं वाकतो. शेवटी सगळ्या पडल्या की एकीने उठून दाराशी बसायचं, डोळे उघडे ठेवून, अशी पाळी लावलेली आहे. ते कोणी ठरवलं, आठवत नाही. नवीन येणारी बाई हसते, हे कुठलं आसन म्हणून विचारते. पावसाळ्यात हसत नाही.

काल पाळी माझी होती. बाहेर पाऊस कोसळत होता. सगळ्या माझ्याकडे एकदा बघून डोळे मिटून पडल्या. इतकी वर्षं झाली, मला अजून भीती वाटते. मी दाराशी बसून राहिले.